८×१० च्या फ्रेममध्ये चवथीचा फोटो : माटोळी कापू की पोरं?

खांडेपारकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न साधाच आहे, पण घरात त्यावरून दोन तट पडलेत म्हणून इथे टाकतोय.

यंदा चवथीला मूळ घरी सगळे जमले होते. मुंबई, पुणे, वास्को, सगळीकडची भावंडं. पुतण्याने नव्या कॅमेऱ्यावर एक फोटो काढला. वर माटोळी (फळं-पानं टांगलेली चौकट), तिच्याखाली गणपती, दोन्ही बाजूंना उभी माणसं, पुढे खुर्च्यांवर थोरली मंडळी आणि अगदी पुढे चटईवर पोरं. माटोळीसकट सगळं यावं म्हणून त्याने कॅमेरा उभा धरला. फोटो झकास आलाय. म्हटलं, प्रत्येक घरी एकेक प्रत फ्रेम करून द्यावी. बायकोने म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून ८×१० च्या एकसारख्या फ्रेमा आणल्या. मी फाईल एका लॅबमध्ये दिली, "८×१० काढा" म्हणून सांगितलं.

नमुन्याची प्रत हातात आली तर वरची अर्धी माटोळी गायब, खालून पोरांचे पाय गायब. सर्वांत धाकटी चटईवर पालथी पडली होती, ती जवळजवळ नाहीच. विचारलं तर काउंटरवरचा म्हणतो, "फोटोच तसा आहे." मोबाईलवर तर अख्खा दिसतोय! पुतण्या म्हणतो, चोवीस मेगापिक्सेलचा फोटो आहे, कमी पडायचा प्रश्नच नाही.

चूक लॅबची की कॅमेऱ्याची? आणि कापायचंच झालं तर काय कापावं? काकीने सांगून ठेवलंय, माटोळीला हात लावायचा नाही. वहिनी म्हणते, माझी पोर फोटोत नसेल तर फ्रेम तुमच्याकडेच ठेवा.

फ्रेमबाहेर

दोघांचीही नाही. मेगापिक्सेलचा इथे काही संबंधच येत नाही, प्रश्न लांबी-रुंदीच्या प्रमाणाचा आहे.

पुतण्याची फाईल बहुतेक ४०००×६००० पिक्सेलची असेल. म्हणजे २:३. कागद ८×१०, म्हणजे ४:५. आठ इंच रुंदी पूर्ण भरली की तुमचा फोटो बारा इंच उंच होतो, आणि कागद आहे दहाच. दोन इंच कुठूनतरी जाणारच. लॅबच्या मशीनने मधला भाग धरला, वरचा एक इंच आणि खालचा एक इंच उडवला. एकूण उंचीचा सहावा हिस्सा. कॅमेरा पन्नास मेगापिक्सेलचा असता तरी तेवढाच गेला असता.

हे भांडण मोबाईलच्या कितीतरी आधीचं आहे. ३५ मिमी फिल्मची चौकट २४×३६ मिमी, म्हणजे २:३. १९२५ मध्ये लायका बाजारात आला आणि तो आकार रुळला, आजचे बहुतेक डीएसएलआर आणि मिररलेस कॅमेरे त्याच वळणाचे. ८×१० हा आकार त्याहून जुना, मोठ्या प्लेट कॅमेऱ्यांच्या जमान्यातला. रोल फिल्मच्या दिवसांतही ८×१० एन्लार्जमेंट काढली की कडा जायच्याच. फरक एवढाच की तेव्हा डार्करूममधला माणूस ईझलच्या (कागद धरणाऱ्या चौकटीच्या) पट्ट्या सरकवून, फोटोकडे बघून ठरवायचा कुठून कापायचं ते. आता सॉफ्टवेअर मध्य धरतं आणि मोकळं होतं.

डिचोलीकर

मी लॅबमध्येच काम करतो (तुम्ही गेलात ती नव्हे, हे आधीच सांगतो 😀). काउंटरवरच्याने उत्तर चुकीचं दिलं, पण मशीनने जे केलं ते सांगितल्याप्रमाणेच केलं.

प्रिंटच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन पर्याय असतात. एक "फिल", कागद पूर्ण भरा, जास्तीचं कापा. दुसरा "फिट", फोटो अख्खा बसवा, उरेल ती जागा पांढरी सोडा. गिऱ्हाईक काही बोललं नाही तर आम्ही फिल लावतो, कारण पांढरी पट्टी दिसली की दहातले नऊजण "हे काय, कागद वाया गेला" म्हणून परत आणतात. चवथीनंतरच्या आठवड्यात पेनड्राइव्हमागून पेनड्राइव्ह येतात, प्रत्येक फोटो उघडून माटोळी कुठे आणि पोर कुठे बघायला कोणाला सवड नसते. तरी काउंटरवर "वरून कापू नका" एवढं बोललात तर कोणीही चौकट खाली सरकवून देईल. दोन सेकंदांचं काम आहे.

आणखी एक सांगतो, लोकांना माहीत नसतं. आमचा कागद रोलवर येतो आणि रोलची रुंदी ठरलेली असते. आठ इंची रोल लावला की त्यावरच ८×१० निघतो आणि त्यावरच ८×१२. फक्त कागद दोन इंच जास्त सरकतो. दरात थोडाफार फरक पडतो, पण तुमचा फोटो ८×१२ वर एक केसही न कापता बसतो. फ्रेमा परत करता येतात का बघा.

खांडेपारकाठ

फ्रेमा परत होणार नाहीत. बाजारातला माणूस पुढच्या शुक्रवारी त्याच जागी बसेल याचीच खात्री नाही. शिवाय बायकोने त्या घासाघीस करून आणल्यात, हा विषय घरात काढण्यासारखा नाही.

गोलघुमट

मला एक कळत नाही. माटोळी म्हणजे शेवटी टांगलेली फळंच ना? माणसं महत्त्वाची. वरून दोन इंच कापा, पोरं वाचतील, विषय संपला. उगाच गणित कशाला?

आबोली

गोलघुमट, तुम्ही गोव्यातले नाही वाटतं. 🙂 आमच्याकडे माटोळी नसेल तर चवथ झाली असं कोणी म्हणणार नाही. सुपारीचे घोस, नारळ, आंबाडे, तोरिंगं, कवंडळं, घागऱ्या, काय काय रानातून शोधून आणून बांधतात. घरातले पुरुष आदल्या दिवशी शिडीवर असतात. कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेतं दरवर्षी. त्या फोटोत माटोळी अर्धी कापणं म्हणजे लग्नाच्या फोटोत नवरदेव अर्धा कापणं.

काकींच्या बाजूने माझं एक मत.

फ्रेमबाहेर

वरून दोन इंच कापले तर गणपतीच्या डोक्यावर काहीच उरत नाही, म्हणजे फोटो म्हणूनही तो बसका दिसतो. मग उरलं काय? ८×१० च्याच फ्रेममध्ये अख्खा फोटो बसवायचे दोन मार्ग आहेत.

पहिला, डिचोलीकर म्हणाले ते फिट. दहा इंच उंची धरली की रुंदी येते ६.६७ इंच, दोन्ही बाजूंना पाऊण इंचाच्या आतबाहेर पांढरी पट्टी. वर-खाली शून्य. हे चांगलं दिसत नाही, अर्धवट काम वाटतं.

दुसरा मार्ग, फोटो ६×९ इंचांचा करून ८×१० च्या पांढऱ्या पानावर मधोमध ठेवायचा. ६×९ म्हणजेही २:३, तेव्हा कापायला काहीच लागत नाही. बाजूंना एकेक इंच, वर-खाली अर्धा-अर्धा. हा समास मुद्दाम सोडल्यासारखा दिसतो. ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० पिक्सेल) हिशोबाने पान २४००×३००० पिक्सेलचं आणि आतला फोटो १८००×२७००. ही फाईल घरीच करून न्या, म्हणजे लॅबला फिल की फिट हा प्रश्नच उरणार नाही, कारण पान आधीच ४:५ आहे.

बारीक पांढरी रेघ मात्र ठेवू नका, दोन-तीन मिलिमीटरची. प्रिंट कापताना किंवा फ्रेममध्ये बसवताना केसभर सरकलं तरी ती रेघ एकीकडे जाड, एकीकडे बारीक दिसते. जाड समासात तेवढं खपून जातं.

डिचोलीकर

+१. आणि त्याला जोडून, फ्रेमची आतली कड चारी बाजूंनी फोटोवर चढते, साधारण पाव इंच. शिवाय बॉर्डरलेस प्रिंट काढताना मशीन फोटो किंचित मोठा करतं, त्यात कडेचे एक-दोन मिलिमीटर जातात. म्हणून कापताना कोणाचा कान किंवा चपलेचं टोक अगदी रेषेवर आणून ठेवू नका. स्क्रीनवर "बसलं" असं वाटतं आणि फ्रेममध्ये अडकतं.

साळावली

सॉफ्टवेअरबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

मोबाईलवर स्नॅपसीड असेल तर क्रॉपमध्ये ५:४, ७:५, ३:२ असे तयार पर्याय आहेत. एकदा निवडला की चौकट त्याच प्रमाणात लहान-मोठी होते, तुम्ही फक्त सरकवायची. आडव्याची उभी करायचं बटण तिथेच आहे. आयफोनच्या फोटो अ‍ॅपमध्ये ५:४ शोधलंत तर सापडणार नाही, तिथे १०:८ लिहिलंय, तेच ते. स्नॅपसीडमधला "डीआयएन" नावाचा पर्याय म्हणजे ए४ कागदाचं प्रमाण, घरच्या प्रिंटरवर काढणाऱ्यांना उपयोगी.

कॉम्प्युटरवर गिम्प फुकट आहे. क्रॉप टूल घ्या, त्याच्या पर्यायांत "फिक्स्ड" वर टिक करा, आस्पेक्ट रेशो निवडा, ४:५ लिहा. इंच की पिक्सेल हा विचार त्या क्षणी करायचाच नाही, फक्त प्रमाण.

आणि कृपा करून "इमेज साईज" मध्ये जाऊन ८ आणि १० आकडे कोंबू नका. लांबी-रुंदी जोडणारी साखळीची खूण तोडून आकडे घातले की फोटो कापला जात नाही, दाबला जातो. आमच्या नात्यात एका लग्नाचा पूर्ण अल्बम असा दाबून छापलाय. वरपक्षाकडची सगळी माणसं रुंद झाली, आणि वधूपक्ष अजून ते अधूनमधून काढतो.

गोलघुमट

माटोळीबद्दल माहिती दिल्याबद्दल आभार, आबोलीताई. मी सोलापूरचा, नोकरीनिमित्त वेर्ण्याला.

पण आता एआय आहे ना! बाजू वाढवून घ्या. फोटोशॉपमध्ये २०२३ पासून ती सोय आहे. ४०००×६००० चा फोटो ४८००×६००० करायचा, दोन्ही बाजूंना चारशे-चारशे पिक्सेल ते स्वतःच रंगवतं. ना माटोळी जाणार, ना पोरं.

साळावली

गणित बरोबर आहे. निसर्गदृश्य असतं, आभाळ-समुद्र असता, तर मीही हेच सांगितलं असतं. पण इथे दोन्ही कडांना उभी माणसं आहेत. कडेच्या माणसाचा अर्धा दिसणारा हात ते पूर्ण करायला जातं आणि भलत्याच कोपराचा हात जोडतं. मी अशाच एका देवघराच्या फोटोवर करून पाहिलं, त्याने माटोळीच्या टोकाला जांभळट रंगाचं एक फळ लटकवलं. गोव्यात तर सोडाच, ते कुठल्या रानात पिकतं कोणास ठाऊक. घरच्या फोटोत नसलेलं काही घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आणखी वीस वर्षांनी तो फोटो बघून कोणीतरी विचारणार, हे कुठलं फळ?

आबोली

खांडेपारकाठ, मोबाईलवर कोणी काढला नाही का तोच फोटो? विचारते कारण मोबाईलचे फोटो ८×१० मध्ये कमी कापले जातात असा माझा अनुभव आहे. कारण ठाऊक नाही.

फ्रेमबाहेर

कारण आहे ताई. मोबाईलचा सेन्सर साधारण ३:४ असतो. ३०००×४००० चा उभा फोटो ८×१० साठी कापला की ३०००×३७५० उरतो. म्हणजे सोळावा हिस्सा गेला. मोठ्या कॅमेऱ्याचा सहावा जातो. ८×१० पुरता महागड्या कॅमेऱ्यापेक्षा मोबाईल जवळचा.

उलट ४×६ ला मोबाईल मार खातो. ४×६ म्हणजे २:३, तिथे कॅमेऱ्याचा फोटो अख्खा बसतो आणि मोबाईलचा नववा हिस्सा जातो. मोबाईलच्या फोटोंच्या प्रती काढायच्या असतील तर ६×८ मागा, तो बरोबर ३:४ आहे. डिचोलीकर, तुमच्याकडे निघतो ना?

डिचोलीकर

निघतो. सहा इंची रोलवरच. कोणी मागत नाही म्हणून पाटीवर लिहिलेला नसतो एवढंच.

मोबाईलवाल्यांनी एक मात्र बघावं. कॅमेऱ्यात "फुल" किंवा ९:१६ लावलेलं असेल तर ते बंद करून ३:४ ठेवा. फुलमध्ये स्क्रीन भरते म्हणून पोरांना आवडतं, पण सेन्सर तोच असतो, फोन स्वतःच बाजू कापून देतो. तसला फोटो ८×१० ला आणला की जवळजवळ तीस टक्के जातो. परवा एकजण मंगेशीच्या दीपमाळेचा फोटो घेऊन आले. सात मजल्यांची दीपमाळ, ९:१६ मध्ये कशीबशी बसवलेली, आणि हवा ८×१०. म्हटलं, कुठले मजले ठेवू सांगा. शेवटी ८×१२ वर समास सोडून अख्खी काढून दिली, छान दिसली.

खांडेपारकाठ

आबोलीताई, तुमच्यामुळे आठवलं! शेजारच्या वाड्यावरचे एकजण आरतीला आले होते, त्यांनी मोबाईलवर काढला होता. ते दाराच्या उंबऱ्याशी उभे होते, त्यामुळे माटोळीच्या वर छताचे वासे दिसतात आणि खाली चटईपुढची शेणाने सारवलेली जमीनही दिसते. म्हणजे कापायला जागा आहे!

व्हॉट्सअ‍ॅपवर आला होता. पाहिलं, १२००×१६०० आहे. चालेल का?

फ्रेमबाहेर

कापल्यावर १२००×१५०० राहील. आठ इंचांना भागलं की १५० डीपीआय. भिंतीवर लांबून बघायला चालून जाईल, पण या फोटोत वीस-पंचवीस चेहरे असणार आणि प्रत्येकजण जवळ जाऊन आपापला चेहरा शोधणार. तिथे तो मऊ दिसेल. २०० च्या वर असावं, ३०० असेल तर उत्तम. मूळ फाईल मागा. त्यांच्या फोनमध्ये ३०००×४००० ची असेल तर कापूनसुद्धा ३७५ पडतात.

त्यांना सांगा, व्हॉट्सअ‍ॅपवर गॅलरीतून नको, डॉक्युमेंट म्हणून जोडून पाठवा. तसं पाठवलं की दाबलं जात नाही.

फाईलच्या माहितीत "७२ डीपीआय" लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका आणि ते ३०० करायच्या भानगडीतही पडू नका. तो आकडा बदलल्याने एक पिक्सेल वाढत नाही. एकूण पिक्सेल भागिले इंच, एवढंच खरं.

खांडेपारकाठ

मूळ फाईल आली. ३०००×४०००. पुतण्याचं तोंड थोडं उतरलंय, "एवढा कॅमेरा घेऊन उपयोग काय" म्हणतो.

स्नॅपसीडमध्ये ४:५ ची उभी चौकट लावली. वरचे वासे थोडे आणि खालची जमीन थोडी गेली. माटोळी टोकापासून टोकापर्यंत आली, धाकटी पालथी आहे ती हातापायांसकट आली, काकी आणि वहिनी दोघींनी पाहून मान डोलावली.

एकच घोळ. या फोटोत बापूंचे डोळे मिटलेत.

गोलघुमट

पुतण्याच्या फोटोतलं डोकं काढून इथे चिकटवा. साळावलींना विचारू नका. 😀

साळावली

नका.

खांडेपारकाठ

नाही चिकटवत. बापूंचे डोळे त्यांच्या लग्नाच्या फोटोतही मिटलेलेच आहेत. त्यांनीच सांगितलं, मी ओळखू येतो ना, मग झालं.

पुतण्याचा फोटोही वाया जाऊ द्यायचा नाही असं ठरलंय. तो ८×१२ काढून मूळ घरच्या सोप्यावर लावणार. त्याची फ्रेम नवीन करून घ्यायची आहे. फ्रेमवाल्याला काय सांगू?

डिचोलीकर

माउंट (फोटोभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) घालायला सांगा, चारी बाजूंनी दोन इंच. म्हणजे बाहेरची फ्रेम १२×१६ होईल. माउंटची खिडकी फोटोपेक्षा जरा लहान कापायला सांगा, म्हणजे कड आत धरली जाईल.

माउंट नुसता शोभेला नाही हो. आपल्याकडे पावसाचे चार महिने चिऱ्याची भिंत ओल धरते. फोटो थेट काचेला टेकलेला असला की ओलीने चिकटतो, आणि मग सोडवायला गेलं की वरचा थर काचेवर राहतो. असे चिकटलेले जुने फोटो लोक आमच्याकडे घेऊन येतात, बहुतेकदा काही करता येत नाही. काचेतूनच स्कॅन करून देतो. माउंटमुळे काच आणि फोटो यांच्यात हवा राहते. फ्रेम भिंतीला सपाट चिकटवू नका, मागे खालच्या दोन कोपऱ्यांना रबराच्या किंवा बुचाच्या चकत्या लावा.

आबोली

बाजारातल्या त्या ८×१० च्या फ्रेमांना माउंट नाही म्हणजे त्यांचंही तेच होणार ना?

डिचोलीकर

होऊ शकतं. फोटोच्या कडेने, फ्रेमच्या कडीखाली झाकली जाईल अशी, जाड कागदाची बारीक पट्टी चारी बाजूंनी लावा. काच तेवढी वर उचलली जाते. आणि मॅट कागदावर काढा. काचेआड चकचकीत कागदाचा काही फायदा नाही.

खांडेपारकाठ

देव बरें करूं सगळ्यांचं. लॅबला द्यायची चिठ्ठी अशी लिहिलीय : "८×१०, उभा, मॅट. फाईल मापाची आहे, कापू नये, रंग-उजेड आपोआप सुधारू नये." बरोबर आहे का?

डिचोलीकर

शेवटचं काढा. घरातल्या ट्यूबलाइटचा आणि समयांचा मिसळलेला उजेड आहे, पिवळा-हिरवा येईल. रंग आमच्या माणसाला बघू द्या. आणि सगळ्या प्रती एकदम काढायला सांगू नका. आधी एकच काढून घ्या, तुमच्या फ्रेममध्ये तिथेच बसवून बघा, मग बाकीच्या.